आधी बळीरामचा

गव्हाणच्या कोळीवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की वाटा पाठमोऱ्यानं पडतो. सात जणांनी मिळून खाडीत जाळं लावलं, ओहोटीला मासळी काढली, की बांधावर तिचे सात ढीग करायचे. कितीही मन लावून करा, ढीग सारखे होत नाहीत. एकात महागाचा जिताडा जातो, एकात नुसती स्वस्तातली बोइटं, एकात चिंबोऱ्या दोन जास्त पडतात. मग एकानं मासळीकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्यानं ढिगावर हात ठेवून विचारायचं, "कोनाचा?" पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याचा ढीग. नाव पडलं की संपलं. कुरकुर करायची नाही, दुसऱ्याच्या ढिगात डोकावायचं नाही, आणि नाव घेणाऱ्यानं आपल्या घराचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. पाठ केली म्हणून काय झालं, माणूसच तो. उगाच कुणाच्या मनात किल्मिष नको.

हे नाव घ्यायचं काम वीस वर्षं रंभाकडे होतं. खरं तर वाटे पाडायचे पुरुषांनी, बायकांनी पाटी भरून बाजार गाठायचा, असा रिवाज. पण एका शिमग्याच्या तोंडावर वाट्यावरून अशी जुंपली की दोन सख्खे भाऊ चिखलात लोळले. तेव्हा पाटी घेऊन उभ्या असलेल्या रंभाला कुणीतरी म्हणालं, "तूच उभी रा गो पाठ करून. तुझ्या तोंडाला कोन लागनार?"

खोटं नव्हतं ते. रंभाच्या तोंडाला लागायची भल्याभल्यांची टाप नव्हती. पनवेलला उरण नाक्यावरच्या मासळी बाजारात खांबाला लागून तिची जागा. खारघरच्या टॉवरमधलं एखादं गिऱ्हाईक यायचं, करंगळीनं मासा दाबायचं आणि विचारायचं, "ताजा आहे ना?"

"नाय ओ, चार दिसांचा हाय. तुमी याल म्हनून जपून ठेवला."

गिऱ्हाईक हसायचं आणि घ्यायचं. कारण जीभ तिखट असली तरी सरळ होती. शिळा असला तर ती स्वतःच सांगायची, "आज नको, उद्या या." अशा बाईनं कुणाचं नाव घेतलं तर तिथं शंकेला जागा कुठली?

तिचा नवरा विठू अगदी उलटा. त्याच्या तोंडून एक वाक्य काढायचं म्हणजे कालवाचा शिंपला फोडण्यापैकी काम. दोन शब्दांत भागत असेल तर तो तिसरा वापरायचा नाही. त्याच्या होडीवर तीस वर्षं जोडीला बळीराम, वयानं सात वर्षांनी लहान आणि बोलायला दोघांच्या वाटणीचा. विठू वल्हं मारायचा, बळीराम बडबडायचा, आणि खाडीतले बगळे ऐकायचे. गावात गंमत करत की बळीराम आजारी पडला तर विठूला घसा बसल्यासारखं वाटेल.

दोघे आजारी पडले ते एकदमच.

साल दोन हजार एकवीस, कोरोनाची दुसरी लाट. एकाच होडीत दोघे, ताप एकाला आला तो दोन दिवसांत दुसऱ्यालाही. रंभाचा मुलगा जीवन कळंबोलीहून बंदरापर्यंत कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. त्यानं ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन केले, कुणाकुणाच्या विनवण्या केल्या, तेव्हा पनवेलच्या एका मोठ्या हॉस्पिटलात दोन खाटा मिळाल्या, एकमेकींना लागून. बळीरामची बायको मालू स्वतःच तापानं घरी पडलेली. म्हणून हॉस्पिटलच्या खाली बसायचं, डबे पोचवायचे, वरून काय कळेल ते ऐकायचं, हे दोघांसाठीही रंभानंच केलं. वर वॉर्डात जायची कुणालाच परवानगी नव्हती.

तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या एका खोलीत तिला बोलावलं. दोन मास्क, वर प्लास्टिकचा पडदा, मागे थकलेले दोन डोळे, अशी एक पंचविशीची मुलगी समोर बसली होती. नाव समृद्धी, राहणार कळंबोली. तिनं चौदा पानांचा कागद पुढे केला.

"मावशी, इथे एका औषधाची ट्रायल चालू आहे. म्हणजे अभ्यास. काकांना त्यात घ्यायचं का, ते विचारायचं आहे. मी आधी सगळं वाचून दाखवते."

आणि ती वाचू लागली. तिसऱ्या पानावर रंभानं हात वर केला.

"थांब गो बाय. तू वाचतेस आन् माझ्या डोक्यावरनं जातंय. साधा सांग. औषद हाय का नाय?"

समृद्धीनं कागद खाली ठेवला. "एक इंजेक्शन आहे. दुसऱ्या आजारावर चालतं, पण यावर चालतं का ते कुणालाच माहीत नाही. म्हणून निम्म्या पेशंटना ते द्यायचं आणि निम्म्यांना नुसतं सलाईनचं पाणी. ऑक्सिजन, बाकीची औषधं, सगळं दोघांनाही सारखंच."

"कोनाला काय, ते तुला ठाव असतंय?"

"नाही."

"डागतरला?"

"त्यांनाही नाही. इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरलाही नाही. बाटल्या दिसायला सारख्याच, वर फक्त नंबर. नंबर कॉम्प्युटर देतो."

"आन् असा आंधळा कारभार कशाला?"

समृद्धी जरा हसली असावी. पडद्याआड नीट दिसलं नाही. "कळलं की मन फिरतं, मावशी. ज्याला औषध दिलंय त्याच्याकडे आम्हीच चार वेळा जास्त बघू. मग माणूस बरा झाला तर तो औषधानं झाला की आमच्या बघण्यानं, हे कधीच कळणार नाही."

रंभानं मान हलवली. मग म्हणाली, "म्हंजे तुमीबी पाठमोरे."

"काय?"

मग रंभानं तिला सगळं सांगितलं. बांध, सात ढीग, पाठ करून उभं राहणं, "कोनाचा?" समृद्धीनं हातातलं पेन टेबलावर ठेवलं. चौदा पानांचा कागद ज्यांनी लिहिला त्यांना चौदा पानांत जमलं नव्हतं ते या बाईनं पाटी-टोपलीच्या भाषेत सांगून टाकलं होतं.

"नाही म्हणालात तरी चालेल," समृद्धीनं बजावलं. "उपचार तेच राहतील. जबरदस्ती नाही. आणि मधेच सोडायचं म्हणालात तरी सोडता येतं."

"ज्याचा औषदच नाय, त्याचा औषद शोदायला कोनीतरी पयला ढीग उचलायलाच पायजे ना?" रंभा म्हणाली. "पन त्यांना इचार. जीव त्यांचा हाय."

समृद्धीनं वर फोन लावला, चेहरे दिसतील असा. सिस्टरनं तिकडचा फोन विठूच्या हातात दिला. मास्कवरचे त्याचे डोळे रंभाला दिसले. तीन दिवसांत माणूस केवढासा झाला होता. समृद्धीनं दोघांनाही सावकाश समजावलं, ढिगाच्या भाषेत समजावलं. विठूनं मान हलवली. शेजारच्या खाटेवरून बळीरामचा आवाज आला, "वयनी हो बोलली ना? मंग माझीबी हो." सिस्टरनं दोघांचे अंगठे आणि सह्या घेतल्या, खाली रंभानं सही केली. चौथीपर्यंतची शाळा, पण सही झोकात करायची ती.

मग समृद्धीनं लॅपटॉप पुढे ओढला आणि सहज विचारलं, "दोघांचं आत्ताच करते. एकेक नाव टाकावं लागतं. आधी कोणाचं टाकू?"

रंभानं विचार केला का? मुळीच नाही. वीस वर्षांची सवय जिभेवर बसलेली. बांधावर उभं असल्यासारखं तोंडातून निघालं, "आधी बळीरामचा घाल. आमचा शेवटी."

फोनमध्ये विठूची मान हलली. तो काहीतरी बोलू पाहत होता. इतक्यात चित्र थिजलं, आणि फोन कटला. बळीरामला एक नंबर पडला, विठूला त्याच्या पुढचा.

नवव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, विठू गेला. प्लास्टिकात गुंडाळलेला, दुरून दाखवलेला, पाच माणसांत पोचवलेला. ज्या गावात मयताला सगळी खाडी गोळा होते, त्या गावच्या माणसाचं हे असं जाणं. रंभा तेव्हा रडलीसुद्धा नाही नीट. डोळ्यांना काही पटतच नव्हतं, तर ते रडणार कसे?

पटलं ते पाच दिवसांनी. बळीराम रिक्षातून घरी आला. मालू अजून झोकांड्या खात होती, तरी दारात आली आणि तिनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. समोरच्या ओट्यावरून रंभानं ते पाहिलं. आणि त्याच क्षणी तिला स्वतःचं वाक्य ऐकू आलं. आधी बळीरामचा घाल. आमचा शेवटी.

तिनं हिशेब मांडला तो कोळणीचा हिशेब. निम्म्यांना औषध, निम्म्यांना पाणी, असं ती मुलगी म्हणाली होती. माणसं दोन. म्हणजे एकाला औषध, एकाला पाणी. दोन ढीग, आणि नाव घेणारी आपण. पहिला ढीग बळीरामला दिला, त्यात औषध होतं, तो जगला. उरलेला ढीग आपल्या घरी आणला, त्यात पाणी होतं. रीत पाळली आणि नवरा घालवला. अशी चूक जगात दुसऱ्या कुणी केली नसती; बाकीच्या कुठल्याही बाईनं विचारल्याबरोबर आपल्या कुंकवाचं नाव आधी घेतलं असतं.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. जीवनचा राग निराळाच होता. "प्रयोग केला माझ्या बापावर," तो ओरडायचा. "उंदीर केलास तू त्याचा, आई." ती ऐकून घ्यायची. जिनं कधी कुणाचं अर्धं वाक्य ऐकून घेतलं नाही ती बाई पोराचं सगळं ऐकून घ्यायची, कारण त्यानं ठेवलेला आळ तिच्या मनातल्या आळापेक्षा हलका होता.

बळीरामचा तिला राग यायचा. सरळच सांगायचं तर तो जिवंत आहे याचा राग. तो खोकला की राग, तो हसला की राग. मग आपल्याला असा राग येतो याची लाज, आणि लाजेपायी आणखी राग. तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. बांधावर नाव घेणं तर त्याच दिवशी टाकलं. पुरुषांनी चिठ्ठ्या टाकून पाहिल्या, त्या ओल्या झाल्या. कुणाच्या तरी फोनवर नंबर काढून पाहिले, तर फोनवाल्यालाच तीनदा जिताडा आला आणि पुन्हा हमरीतुमरी. पण रंभाला बोलवायची हिंमत कुणी केली नाही.

मेलेल्या वाटेकऱ्याचा वाटा वर्षभर त्याच्या घरी द्यायचा, ही तिथली रीत. बळीराम तो घेऊन यायचा. दारातून हाक मारायचा, "वयनी, विठूचा वाटा." आतून उत्तर नाही. तो केळीच्या पानावर मासळी उंबऱ्याशी ठेवून जायचा. रंभा ती उचलायची नाही. सून किशोरी उचलायला गेली तर तिच्यावर खेकसायची. मांजरं यायची आणि कोळंबीपासून चिंबोरीपर्यंत सगळं ओढून न्यायची. अन्नाची, त्यातून मासळीची नासाडी म्हणजे कोळणीला पाप. एक बांगडा पाटीतून घसरला तर गर्दीत वाकून उचलणारी ही बाई. पण पलीकडे बसून ती मांजरांकडे बघत राहायची, अगदी कोरड्या डोळ्यांनी. वर्ष सरलं. रीत संपली. सातवा ढीग तरी पडत राहिला, आणि बळीराम यायचा थांबला नाही.

दीड वर्षानं समृद्धीचा फोन आला. जीवननं उचलला.

"ट्रायल संपली आहे," ती म्हणाली. "कोणाला औषध होतं आणि कोणाला पाणी, ते आता उघडलंय. घरच्यांना हवं असेल तर येऊन विचारू शकता. नको असेल तर तेही ठीक आहे."

जीवननं फोन ठेवला आणि म्हणाला, "मी येतो. बघतोच त्यांच्याकडं."

"तू नाय यायचास," रंभा म्हणाली. "सही माझी हाय."

मासळी बाजारात जायच्या बसनंच ती निघाली, पण पाटी न घेता. पाटीशिवाय तिला हात कुठे ठेवावेत ते कळेना. स्टॉपवर बळीराम उभा होता, धुतलेला शर्ट घालून. त्यालाही फोन आला होता. दोघे एका बसमध्ये चढले, ती पुढे बसली आणि तो मागे. अख्ख्या वाटेत चकार शब्द नाही. तिच्या मनात एकच घोळत होतं: आता ती मुलगी तोंडानं सांगेल की पाणी होतं. आजवर मनात होतं ते कागदावर येईल. आणि तेव्हा याच माणसाच्या समोरून बाहेर जावं लागेल.

हॉस्पिटलात समृद्धीनं आधी रंभाला आत घेतलं. या वेळी तोंडावर मास्क नव्हता. मुलगी दिसायला गोड होती, हे रंभाला आज कळलं.

"मावशी, तुम्हाला नक्की ऐकायचंय?"

"आले ना. सांग."

"काकांना औषध होतं."

रंभा टेबलावर पुढे वाकली.

"पानी," ती म्हणाली. "नीट बघ. त्यांना पानी होता."

समृद्धीनं कागद तिच्यापुढे फिरवला, नंबरावर बोट ठेवलं. तोच नंबर, त्या दिवशीचा. पुढे औषधाचं नाव. सगळी इंजेक्शनं मिळाली होती, एकही चुकलं नव्हतं.

"मंग तो मेला कसा?" रंभाचा आवाज खोलीबाहेर गेला. "औषदानं गेला काय?"

"नाही, मावशी. ते तपासलंय. त्यासाठी वेगळी माणसं असतात, ट्रायल चालू असतानाही ती मधे मधे उघडून बघतात. औषधानं अपाय झाला नाही. पण..." समृद्धी अडखळली. "गुणही आला नाही. पाचशेच्या वर पेशंट होते. औषधवाले जितके गेले, जवळजवळ तितकेच पाणीवालेही गेले. औषध चालत नाही, एवढंच निघालं."

"एवढाच?"

"हे छोटं नाही हो. त्या दिवसांत याच इंजेक्शनसाठी लोक दारोदार फिरत होते. दागिने मोडत होते. आता कुठलाही डॉक्टर ते लिहून देत नाही. कुणाच्या घरचं माणूस आजारी पडलं तर त्यांना निदान त्याच्यामागे धावावं लागणार नाही. ते काकांमुळे कळलं. त्या पाचशे जणांमुळे."

रंभाला ते ऐकू येत होतं, पण मन दुसरीकडेच होतं. "मंग बळीरामला पानी?"

"ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. ते त्यांचं त्यांनाच." मग ती हळूच म्हणाली, "दोघांत एकाला हे आणि एकाला ते, असं नसतं, मावशी. सगळ्या पेशंटमध्ये मिळून निम्मे. दोघांनाही एकच मिळू शकतं. तुम्हाला वाटलं होतं का तसं?"

रंभानं पदर सावरला. उठली. दारात तिला समृद्धीचा आवाज आला, "तुमची ती पाठमोऱ्याची गोष्ट मी पुढे प्रत्येक पेशंटला सांगितली. सगळ्यांना कळायची."

बाहेर बाकड्यावर ती बसली. बळीराम आत गेला. पाच मिनिटं लागली असतील. तो बाहेर आला आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला टेकला. चपलेकडे बघत म्हणाला, "पानी."

रंभानं मान वळवली.

"मना पानीच होता, वयनी. दीड वरीस मी समजत होतो का विठूचा वाटा खाऊन जगलो." आणि तो साठीचा माणूस, ज्याचं तोंड कधी बंद नसायचं, तळहातांत तोंड घालून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. येणारे-जाणारे थांबून बघत होते. हॉस्पिटलात रडणारं माणूस नवीन नसतं, तेही पुढे गेले.

रंभाला वाटलं, आता सांगायलाच हवं. "बळीराम, त्या दिशी आधी कोनाचा नाव घालू, असा त्या पोरीनं इचारला होता. मी तुझा सांगला."

"मना ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"फोन विठूच्या हातात होता. मोठ्यानं लावलेला. दोघांनीबी ऐकला." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "म्हनून तर वाटा आनीत होतो तुझ्या दारात."

दीड वर्षांत एक प्रश्न रंभानं मनातही विचारला नव्हता, कारण त्याचं उत्तर द्यायला माणूसच नव्हता असं तिला वाटत होतं. "तो ऐकत होता? मंग... काय बोलला तो?"

"फोन कटला ना, तवा मास्क बाजूला केलान त्यानं. सिस्टर वरडली. ऐकला नाय. मना बोलला, 'बघ. दुनिया मरतेय, तरी माझी बायको वाटा बराबर पाडते.'" बळीराम थांबला. "आन् हसला, वयनी. मंग खोकला आला, सिस्टरनं मास्क लावला परत. त्याच्या मागनं तो जास्त बोललाच नाय."

विठू. दोन शब्दांत भागवणारा विठू. उरलेला श्वास खर्च करून तो एवढं मोठं वाक्य बोलला होता.

"मेल्या!" रंभा कडाडली. "दीड वरीस झाला! दीड वरीस मी जळतेय आन् तू आत्ता सांगतोस?"

"कुठल्या तोंडानं सांगू?" बळीरामही तितक्याच जोरानं म्हणाला. "ज्यानं वाटा खाल्ला त्यानंच येऊन बोलायचा, का बाय, तुझा नवरा रागावला नवता? कोन इस्वास ठेवनार? तू मना उंबऱ्यात उभा केलास काय? आज कळला का मी कायच खाल्ला नवता, तवा तोंड उघडला."

रंभानं पदर तोंडाला लावला आणि रडली. नवव्या दिवशी राहिलेलं, प्लास्टिकात गुंडाळलेल्या त्या देहापुढे राहिलेलं सगळं रडली. बळीराम उठून गेला नाही, जवळही सरकला नाही. बाकड्याच्या त्या टोकाला बसून राहिला. परतताना बसमध्ये दोघे एकाच बाकावर बसले.

घरी तिनं जीवनला पुढ्यात बसवून सगळं सांगितलं, आधी कोणाचं नाव घेतलं तेही. तो बराच वेळ ताटातला भात चिवडत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे बाबाला औषद मिळाला होता."

"मिळाला होता. चालला नाय."

"मंग आपन सगळा केला होता."

"केला होता." तिनं त्याच्या ताटात आमटी वाढली. "आन् तो उंदीर नवता रं. वाटेकरी होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. बांधावर सात ढीग पडले आणि नेहमीप्रमाणे घासाघीस सुरू झाली. विमानतळाच्या भरावानं खाडी आक्रसलेली, मासळी आधीच कमी. कमी असली की भांडण जास्त. एवढ्यात मागून कुणीतरी पाटी चिखलात ठेवल्याचा आवाज झाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. रंभा उभी होती, साडीचा काष्टा मारून.

ढिगांकडे एकदाही न बघता तिनं पाठ फिरवली आणि तोंड खाडीकडे केलं. पुरुष जागच्या जागी थबकले. मग बळीराम पुढे झाला, वाकला आणि त्यानं पहिल्या ढिगावर हात ठेवला.

"कोनाचा?"

रंभानं एक श्वास घेतला. तेच शब्द होते, तीच जीभ होती.

"आधी बळीरामचा."

बळीरामचा हात ढिगावरच राहिला. मग त्यानं पुढच्या ढिगावर हात ठेवला. ती नावं घेत गेली. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. आवाज जुनाच होता, अर्ध्या खाडीला ऐकू जाणारा. शेवटचा एकच ढीग उरला. दीड वर्षं जो उंबऱ्यापर्यंत जायचा आणि मांजरांच्या तोंडी पडायचा, तो.

"आन् ह्यो, वयनी?" बळीरामनं त्यावर हात ठेवला. "ह्यो कोनाचा?"

"ह्यो आमचा," रंभा म्हणाली. "विठूचा."

मग ती वळली. ढिगात जिताडा आहे की नुसती बोइटं, ते तिनं पाहिलं नाही. चिखलात बसून तिनं दोन्ही हातांनी ती मासळी पाटीत भरली.